ताशी वीस एमएल

सोलापूर, 24 जानेवारी

पक्या,

शिव्या देणारेस हे धरूनच लिहितोय. दिवाळीत तुझा एवढा मोठा मेसेज आला, त्याला मी नुसता अंगठा दाखवून गप्प बसलो. आणि या आठवड्यात तुझे चार मिस्ड कॉल. सुऱ्यानं सांगितलंच असेल तुला. फोन मुद्दाम उचलला नाही, तुझा आवाज ऐकला असता तर आयसीयूच्या बाहेर त्या लोखंडी बाकड्यावर सगळ्यांसमोर रडलो असतो आणि आत्यानं ते गावभर केलं असतं. म्हणून रात्रपाळीत बसून टाइप करतोय.

आप्पांना भोगीच्या संध्याकाळी अटॅक आला. दुपारी सिद्धेश्वर यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला गेले होते, बाराबंदी घालून, नेहमीसारखे. मी नको म्हणत होतो, गर्दीत त्रास होईल म्हणून. आले ते खुशीत, जेवायला बसले, तिळाची बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, वर शेंगा चटणी. दुसरी भाकरी मागितली तर मी म्हटलं आप्पा पुरे आता, डॉक्टरनी मीठ-तेल कमी सांगितलंय. ते म्हणाले, "सणाच्या दिवशी तरी मोजू नको बे." मी डबा उचलून आत नेऊन ठेवला. दोन तासांनी छातीत जळजळ, त्यांनी पित्त म्हणून सोडा प्यायला, आणि मग पुढचं तुला माहितीय कसं असतं.

रात्रीच अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट टाकला. पण बीपी काय वर येईना. हृदयाचं पंपिंग 25 टक्के. व्हेंटिलेटर, झोपेचं औषध, बीपी धरायला ते नॉरअ‍ॅड्रीनलिन. आणि नाकात नळी. ती बघितली आणि पहिली आठवण काकूंची झाली.

आता खरं सांगतो. तू काकूंना घरी सहा महिने त्या नळीतून दूध-पेज घालायचास, 60 एमएलची सिरिंज वर धरून, आणि मी यायचो तर दारातूनच बोलायचो. एका रात्री तू म्हणालास, आज तू बस, मी झोपतो, तर मी सकाळी मुंबईला जायचंय म्हणून सटकलो. मुंबईला जायचं नव्हतं बे. गाडीचं तिकीटच काढलं नव्हतं. मला ती नळी बघवत नव्हती. तू वहीत लिहायचास ना, किती वाजता किती एमएल, मी तर सुऱ्याला म्हटलं होतं पक्या आता मुनीम झालाय. तू ते ऐकलंस, आणि वर्षभर माझ्याशी धड बोलला नाहीस. बरोबर केलंस.

तर ऐक. पहिले दोन दिवस आप्पांना काहीच दिलं नाही. नळी होती, पण अन्न नाही. आत्या तर पेटली, "उपाशी माणूस बरा होतो होय रे?" आणि घरून तूप-भात पातळ करून डब्यात घेऊन आली, वर सिद्धेश्वरांचं तीर्थ. मी पण तिच्याच बाजूनं जाऊन त्या ज्युनियर डॉक्टरवर ओरडलो, पैसे भरतोय आणि माणूस उपाशी ठेवलाय म्हणून. पोरगं बिचारं तिशीच्या आतलं, शांत राहिलं. म्हणालं, काका, दोन दिवसात नळीतून सुरू करायचंच असतं, उपाशी ठेवायची आम्हाला हौस नाही. पण हृदय नीट पंप करत नसलं की शरीर रक्त मेंदूकडं वळवतं आणि आतड्याचं तोडतं. त्यात आतड्यात अन्न टाकलं की त्याला पचवायला अजून रक्त लागतं. ते मिळालं नाही तर आतडं काळं पडतं, आणि मग परत उठणं अवघड. म्हणून बीपी जरा टिकू दे, औषधाचा डोस वाढवावा लागू नये, लॅक्टेट, म्हणजे शरीराला रक्त कमी पडलं की रक्तात चढतं ते, उतरू दे, मग सुरू करू.

मला 'काका' म्हणाला बे. ते सोड.

घरी येऊन रात्रभर मोबाईलवर वाचत बसलो. 2018 मध्ये फ्रान्सचा एक मोठा अभ्यास छापून आला होता, 44 आयसीयू, दोन हजारच्या वर पेशंट, सगळे शॉकमधले, म्हणजे बीपी कोसळलेले, आणि व्हेंटिलेटरवरचे, सगळेच काही हृदयाचे नव्हते. अर्ध्यांना लगेच नळीतून भरपूर खाऊ घातलं, अर्ध्यांना शिरेतून. मृत्यूत फरक पडला नाही, पण नळीवाल्यांत आतड्याचं रक्त तुटण्याचे प्रकार जास्त निघाले. सकाळी जाऊन त्या पोराची माफी मागितली. त्यानं चहा पाजला. आणि या नाकातल्या नळीला राईल ट्यूब म्हणतात ना, त्यातला राईल म्हणजे जॉन राईल, इंग्लंडचा डॉक्टर, 1921 ची गोष्ट, त्यानं ही नळी जठरातला रस बाहेर काढून तपासायला केली होती. मी इतकी वर्षं 'रॉयल ट्यूब' समजत होतो. हस, हस.

15 तारखेला संध्याकाळी सुरू झालं. ताशी वीस एमएल. पक्या, वीस एमएल म्हणजे चार चमचे रे, तासाला! आप्पांना, ज्यांनी हुरड्याच्या दिवसात आपल्या दोघांना शेतावर बसवून पोट फुटेस्तोवर खायला घातलं. डाएटिशियननं हिशोब सांगितला, वजन 62 किलो, किलोला 25 कॅलरी धरल्या तर दिवसाला साडेपंधराशे, पण पहिल्या आठवड्यात तिथं हळूहळूच चढायचं. पाणी फार चालत नाही, हृदयावर भार येतो, म्हणून घट्ट फीड, एका एमएलला दीड कॅलरी. म्हणजे पूर्ण झालं तरी ताशी 43 च्या आसपास. गोळ्या कुटून घातल्यावर नळी धुवायला जे पाणी घालतात ते पण लिहून ठेवतात. आणि ते झोपेचं पांढरं औषध असतं ना, ते तेलातलं असतं, त्याच्यातल्या कॅलरी पण धरतात. आत्याचा तूप-भात का नाही तर नळी तुंबते आणि जंतूंचा भरवसा नाही. तीर्थ शेवटी कपाळाला लावलं, आत्या गप्प.

18 ला परत बंद केलं. पोट फुगलं, बीपीचं औषध वाढवावं लागलं. त्या रात्री मी सिस्टरला दर तासाला विचारत होतो, पोट मऊ आहे का, डोकं तीस अंश वर आहे का, फॉस्फरसचा रिपोर्ट आला का, उपाशी माणसाला परत अन्न सुरू केलं की तो घसरू शकतो म्हणून. ती म्हणाली, तुम्हीच ड्युटी करा, मी झोपते. दुसऱ्या दिवशी परत दहावरून सुरू. मग वीस. मग तीस. माझ्याकडं सगळं मोबाईलच्या नोट्समध्ये लिहिलेलंय, तारीख, वेळ, एमएल. तू आता मला काय म्हणणारेस ते मला माहितीय.

परवा व्हेंटिलेटर निघाला. आवाज बसलाय, घोगरा येतो. काल चमच्यानं पाणी पाजून बघितलं तर ठसका लागला, म्हणून नाकातली नळी अजून आहेच, ती ओढतात म्हणून हाताला बँडेजचे मोजे बांधलेत. मला बघून ओठ हलवले, कान नेला तर म्हणाले, "भाकरी." पहिला शब्द. मी सिस्टरसमोरून बाहेर निघून गेलो.

आईचे गुडघे तेच. माझी शुगर ठीक. तुझी पोरगी दहावीला ना यंदा? तिला सांग गणिताला काका नाही म्हणून वाचलीस. फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींना नमस्कार.

डॉक्टर म्हणतात गिळणं सुधारलं नाही तर नळीसकट घरी न्यायला लागेल, आठ-पंधरा दिवस तरी. सिरिंज किती वर धरायची, किती जोरात सोडायची, पेशंटला नंतर किती वेळ बसवून ठेवायचं, सिस्टर सांगतीलच, पण तू सांग. आणि काकूंची ती वही तू टाकली नसशील, मला माहितीय. हुतात्मा एक्सप्रेसनं येणार असशील तर घेऊन ये, नाहीतर पहिल्या आठवड्याच्या पानांचे फोटो पाठव.

तुझा,
बंड्या