काकूंच्या फोनमधला परका माणूस

प्रिय सखी,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. "कोपऱ्यावरचा मुलगा म्हणतो, अडीच हजारात फॉरमॅट मारून देतो, सगळी कटकट जाईल" हे ऐकून पोटात गोळा आला. अगं, तेवढं करू देऊ नकोस. फोन आहे तसा काकूंपाशीच राहू दे, रीसेट तर मुळीच नको. फोनवर घाईघाईत सांगितलं तर तुला पटेल, पण काकूंना आणि तुझ्या भावाला पटवताना अडशील, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

तू म्हणालीस की काकूंनी दुकानातून घेतलेला, आधी कुणीतरी वापरलेला आयफोन चालतो, कॉल लागतात, व्हॉट्सॲप येतं. फक्त मधूनच एक चौकट येते आणि कुणातरी अनोळखी माणसाच्या ईमेलचा पासवर्ड मागते. आमच्या मोबाइलच्या दुकानात काउंटरवर असे फोन सारखे येतात आणि प्रत्येक जण एकच वाक्य म्हणतो, "फोन लॉक झालाय." चालता फोन लॉक झालेला नसतो. आयफोनमध्ये खातं एकाच ठिकाणी नसतं, हे खरेदी करताना कुणी सांगत नाही. सेटिंग्ज उघडल्यावर सगळ्यात वर दिसतं ते मुख्य खातं, म्हणजे आयक्लाउड, ॲपलची ऑनलाइन साठवण. ॲप स्टोअरचं खातं वेगळं असू शकतं. मेसेजेस आणि फेसटाइमलाही वेगळं खातं जोडलेलं राहू शकतं. शिवाय फोनमधलं प्रत्येक ॲप ज्या खात्यावरून उतरवलं त्या खात्याच्या नावावर राहतं, मग फोन कुणाच्याही हातात जावो.

म्हणून आज संध्याकाळी काकूंना एवढंच सांग: सेटिंग्ज उघडा आणि सगळ्यात वर कुणाचं नाव आहे ते वाचून दाखवा. पुढचं सगळं त्या एका नावावर ठरतं.

तिथे काकूंचंच नाव असेल (भावाने ॲपलचा नवीन आयडी, म्हणजे खातं, काढून दिला होता म्हणालीस, त्यामुळे मला तीच शक्यता जास्त वाटते), तर जीव भांड्यात पडू दे. विकणाऱ्याने फोन देताना व्हॉट्सॲप आणि आणखी चार ॲप स्वतःच्या किंवा दुकानाच्या आयडीवरून टाकून दिली असणार. गिऱ्हाइकाला हातात चालता फोन हवा असतो, म्हणून सर्रास असं करतात. मग अपडेटची वेळ आली की ॲप आपल्या मूळ खात्याचा पासवर्ड मागतं. काकू "नको" दाबतात, चौकट जाते, पुढच्या अपडेटला पुन्हा येते.

नेमकी कोणती ॲप परकी आहेत ते शोधता येतं. ॲप स्टोअर उघडून वरच्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर टिचकी मारली की काकूंच्या खात्यावर आजवर उतरवलेल्या ॲपची यादी मिळते. फोनमध्ये आहे पण त्या यादीत नाही, असं प्रत्येक ॲप संशयित. ते काढून टाकायचं आणि काकूंच्या आयडीवरून पुन्हा उतरवायचं, बस्स. व्हॉट्सॲपच्या बाबतीत मात्र आधी बॅकअप झालाच पाहिजे. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये चॅट्सखाली चॅट बॅकअप आहे. आयक्लाउडवर फुकटची जागा ५ जीबीच मिळते, आणि काकूंच्या भजनी मंडळाच्या व्हिडिओंनी ती केव्हाच भरलेली असणार, तेव्हा बॅकअपमधून व्हिडिओ वगळ. बॅकअपची आजची तारीख आणि वेळ डोळ्यांनी बघितल्याशिवाय ॲप काढायचं नाही. ॲप स्टोअरलाच परकं खातं जोडलेलं असेल, तर तिथून साइन आउट करायला त्या माणसाचा पासवर्ड लागत नाही. फेसटाइम आणि मेसेजेसच्या सेटिंग्जही त्याच बैठकीत तपासून टाक.

एवढं सगळं करायला रविवारपर्यंत वेळ नसेल, तर ॲप स्टोअरच्या सेटिंग्जमधले आपोआप होणारे अपडेट बंद कर. चौकट यायची थांबेल. पण तेवढ्यावर भागवू नकोस, कारण बँकेची ॲप जुनी राहणं बरं नाही.

आता दुसरी शक्यता. वरचं नाव परक्याचं निघालं, तर मात्र गंभीरपणे घे. तेव्हा काकूंचा फोन त्या माणसाच्या आयक्लाउडवर चालू असतो. काकूंनी काढलेले नातीचे फोटो, सेव्ह केलेले नंबर त्याच्या खात्यात जात असतील. फोन कुठे आहे हे त्याला नकाशावर दिसू शकतं, आणि त्याने मनात आणलं तर घरबसल्या तो फोन पुसू शकतो. तो माणूस वाईट असेल असं मी म्हणत नाही. त्याला बहुधा यातलं काहीच ठाऊक नसेल. पण काकूंची पेन्शनची बँक त्या फोनवर एक दिवसही राहू नये. आधी फोटो केबलने कॉम्प्युटरवर घे, नंबर उतरवून घे, बँकेची ॲप काढ, आणि मग पुढच्या मागे लाग.

फॉरमॅटला मी का नाही म्हणते, ते इथे कळेल. ॲपलने २०१३ मध्ये आयओएस ७ बरोबर ॲक्टिव्हेशन लॉक आणलं. फोन शोधण्याची सोय चालू असलेला आयफोन पुसला, की तो पुन्हा सुरू होताना ॲपलच्या सर्व्हरला विचारतो, मी कुणाचा? ज्याच्या नावावर नोंद आहे त्याचा पासवर्ड मिळाल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. आज मधूनच त्रास देणारी चौकट, फॉरमॅटनंतर कायमची भिंत होईल. शिवाय आज पूर्ण ईमेल वाचता येतो. त्या लॉकच्या पडद्यावर पहिलं अक्षर आणि पुढे ठिपके एवढंच दिसतं, म्हणजे मालकाला शोधायचा धागाही तुटतो.

आणि पासवर्डशिवाय हे लॉक चुकवून देतो म्हणतात, तो "बायपास"! जुन्या आयफोनच्या चिपमध्ये एक चूक होती, ४एसपासून आयफोन टेनपर्यंत, जी सॉफ्टवेअर बदलून दुरुस्तच होत नाही. ती २०१९ मध्ये उघड झाली आणि बायपासचा बराचसा धंदा तिच्यावर उभा आहे. पण फोनमध्ये काहीही केलं तरी सर्व्हरवरची नोंद तशीच राहते. असे फोन आमच्याकडे येतात ते पैसे देऊन झाल्यावर: कॉल लागत नाहीत, आणि एकदा रीसेट झाला की लॉक परत हजर. मग ते पार्ट्सला जातात. मिरजेला नर्सिंग शिकणारी एक मुलगी असाच फोन घेऊन आली होती, बापाने ऊस गेल्यावर घेऊन दिलेला. तिला काही करता येणार नाही हे सांगताना मला बोलवेना. काकूंवर ती वेळ येऊ नये, म्हणून इतक्या तळमळीने लिहिते आहे.

या लॉकवर मात्र रागावू नकोस. ते आलं त्यानंतरच्या वर्षभरात सॅन फ्रान्सिस्कोत आयफोनच्या चोऱ्या ४० टक्क्यांनी आणि न्यूयॉर्कमध्ये २५ टक्क्यांनी घटल्याचं तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं होतं. एसटीच्या गर्दीत कुणाचा फोन जातो, त्याला तेवढाच आधार असतो.

मग मार्ग काय? मूळ मालक. ज्याच्याकडून घेतला त्या दुकानदाराला बिल दाखवून आधीच्या मालकाचा नंबर माग, आणि त्या मालकाशी नीट बोल. त्याच्याकडून पासवर्ड मागायचा नाही, हे फार महत्त्वाचं. त्याने तो सांगूही नये. त्याने आपल्या घरून, आपल्या कॉम्प्युटरवर आयक्लाउडच्या साइटवर 'फाइंड' उघडायचं, यादीतला हा फोन पुसायचा आणि मग 'खात्यातून काढा' असं दाबायचं. फोन पुसला जाणार आहे, म्हणून काकूंचा डेटा आधी बाहेर काढून ठेव, असं मी म्हणाले. काम दहा मिनिटांचं आहे आणि त्यात कुणाचं गुपित कुणाकडे जात नाही. बहुतेक लोक भले असतात गं. आपला जुना फोन अजून आपल्या नावावर आहे म्हटल्यावर तेच घाबरतात आणि लगेच काढून देतात. ॲपलकडेही अर्ज करता येतो, पण तिथे खरेदीचा पुरावा लागतो, आणि कोऱ्या पावतीवर "एक मोबाइल" असं लिहून दिलेलं त्यांच्यापुढे टिकत नाही. दुकानदार हात झटकायला लागला, तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तो नुसता ऐकवला तरी बरेचदा सूर बदलतो.

हे सगळं करण्याआधी एक तपासणी मात्र आजच कर. फोनवर स्टार हॅश ०६ हॅश दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, येतो. इंग्रजीत केवायएम ही तीन अक्षरं, मग जागा सोडून तो नंबर, असा एसएमएस १४४२२ ला पाठव. दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवरही तेच तपासता येतं. हे पोर्टल मे २०२३ मध्ये सुरू झालं. चोरीला गेलेला फोन तिथे ब्लॉक करता येतो, त्यामुळे तक्रार झालेली असेल तर कळेल. फोन ब्लॅकलिस्टेड निघाला, तर बिल घेऊन सरळ पोलीस ठाण्यात जा. चोरीचा माल आहे हे कळूनही तो ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. काकूंनी पैसे मोजून, बिल घेऊन घेतलाय, त्यांनी मान खाली घालायचं कारण नाही. त्या भीतीने घरात लपवून मात्र ठेवू नका.

आणखी एक. ती चौकट खरी फोनचीच आहे ना, हे बघ. २०१७ मध्ये फेलिक्स क्राऊझ नावाच्या ऑस्ट्रियन प्रोग्रॅमरने दाखवून दिलं होतं की एखादं ॲप हुबेहूब तशीच चौकट काढून पासवर्ड लाटू शकतं. त्याने सांगितलेली परीक्षा साधी आहे: चौकट आली की होम दाबायचं. ॲपसकट चौकट नाहीशी झाली तर ती ॲपची बनावट, तशीच राहिली तर ती फोनची. आणि भावाला सांग, अंदाजाने पासवर्ड टाकत बसू नको. सारखा चुकीचा पासवर्ड गेला की त्या माणसाचं खातंच बंद पडू शकतं. मग ज्याची मदत हवी, तोच चिडलेला भेटेल.

तू तुझ्या धाकट्याच्या अँड्रॉइडबद्दलही विचारलं होतंस. तिथे हे कुलूप २०१५ मध्ये अँड्रॉइड ५.१ पासून आलं, दुकानात त्याला एफआरपी म्हणतात. बटणं दाबून रीसेट मारला की फोन आधीचं गूगल खातं किंवा आधीचा स्क्रीन लॉक मागतो. फोन चालू आहे तोवर खात्यांच्या यादीत जाऊन जुनं खातं काढून टाकलं, की प्रश्न मिटतो.

काकूंच्या सेटिंग्जचा तो पहिला पडदा फोटो काढून मला पाठव, दुसऱ्या फोनवरून. नाव वाचलं की रविवारी व्हिडिओ कॉलवर बसून एकेक करत जाऊ, माझी दुकानाला सुट्टी असते. काकूंना माझा नमस्कार सांग, आणि हेही सांग की त्यांच्या हातून काहीही बिघडलेलं नाही. त्या दर वेळी "नको" दाबत राहिल्या, तेच बरोबर होतं. धाकट्याला गोड पापा.

तुझीच,
वसतिगृहातली खोलीसोबतीण

ता. क. तू स्वतःचा जुना आयफोन विकायचं म्हणत होतीस ना? त्याला आपल्या हाताने आयक्लाउडमधून साइन आउट कर, मगच पूस, आणि "हॅलो"चा पडदा आल्याशिवाय कुणाला देऊ नकोस.