लेकीची वेणी घालणाऱ्या आजींना

प्रिय आजी,

लेक तुम्हाला आजी म्हणते, म्हणून मीही तेच म्हणते. हे पत्र मुद्दाम मराठीत आणि सगळ्यांसमोर लिहितेय. माझ्यासारख्या ज्या मराठी आयांच्या मुलांनी कृष्णवर्णीय वडिलांचे दाट, घट्ट कुरळे केस घेतलेत, त्यांच्यापर्यंतही तुमचं शिकवणं पोचावं. तुम्हाला लेक ते इंग्रजीत वाचून दाखवेल.

माझ्या सासूबाई नातीच्या जन्माआधीच गेल्या. हे केस हाताळायला शिकवणारं माणूस घरात उरलं नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांचे केस करून निवृत्त झालेल्या तुम्ही शेजारधर्म म्हणून ते काम अंगावर घेतलंत आणि पैशाचा विषय काढूच दिला नाहीत.

आमच्याकडे तेल लावून फणी टाळूपासून खाली ओढतात. तुम्ही केस ओले करून कंडिशनर लावलात, रुंद दातांचा कंगवा घेतलात आणि टोकांपासून सुरुवात करून गुंता सोडवत मुळांकडे गेलात. मग शिया बटर, मग कंगव्याच्या शेपटीने सरळ भांग. कॉर्नरो, म्हणजे टाळूला लागून घातलेल्या बारीक वेण्या, शिकवताना माझी बोटं तुमच्या हातात धरलीत. आमच्या सागरवेणीत बाजूचा पेड मधल्या पेडावरून येतो, इथे तो खालून घ्यायचा; म्हणून वेणी टाळूवर उठून दिसते. लेक तुमच्या गुडघ्यांमध्ये बसून रडली नाही, हे मला अजून नवल वाटतं.

आणि हात चालू असताना तुम्ही बोलत होतात. पश्चिम आफ्रिकेतले योरुबा लोक डोक्याला माणसाच्या नशिबाचं स्थान मानतात, म्हणून केस कुणाच्याही हाती द्यायचे नसतात. दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममधल्या, मळ्यांतून पळालेल्या गुलामांच्या वंशजांत अजून सांगतात की पणज्यांनी भाताचं बी केसांत लपवून आणलं. १७८६ साली, न्यू ऑर्लिन्स स्पेनच्या ताब्यात असताना, तिथल्या गव्हर्नर मिरोने स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रियांना केस झाकायचा हुकूम काढला, तर त्यांनी रंगीत कापडाचे असे फेटे बांधले की हुकुमाचीच शोभा झाली. त्या फेट्यांत आपल्या मद्रासचं चौकड्यांचं कापडही असायचं, हे ऐकून मी हातातलं काम थांबवलं होतं.

केसांच्या निगेच्या वस्तूंचा मोठा धंदा उभारणाऱ्या मॅडम सी. जे. वॉकरबद्दलची माझी समजूतही तुम्हीच दुरुस्त केलीत. केस सरळ करणारा गरम कंगवा तिने शोधला नव्हता. तिचा भर टाळूच्या निगेवर होता. गुलामीतून सुटलेल्या आईबापांची, १८६७ साली जन्मलेली, कपडे धुऊन पोट भरणारी ही बाई हजारो स्त्रियांना कमावतं करून गेली. ईस्टरच्या आदल्या दिवशी गॅसवर तापवलेला कंगवा आणि चटका बसलेला कान तुम्हाला आठवतो, पण स्वतःच्या आईला तुम्ही कधी दोष दिला नाहीत. सरळ केसांशिवाय त्या काळी नोकरी कोण देणार होतं, एवढंच म्हणालात. १९८१ मध्येही न्यूयॉर्कच्या न्यायालयाने रेनी रॉजर्स या विमान कंपनीतल्या कर्मचारी स्त्रीचा दावा फेटाळला होता. कॉर्नरो चालणार नाहीत, हा अमेरिकन एअरलाइन्सचा नियम कायम राहिला.

माझ्या आईची भीती तुम्ही घालवलीत, त्याचे आभार तर मी वेगळे मानायला हवेत. व्हिडिओ कॉलवर तुमचे लॉक्स, म्हणजे पिळून जटांसारखे घडवलेले केस, पाहून ती चरकली. आमच्याकडे जट आली की देवीचं बोलावणं समजतात. त्या भीतीपोटी कितीतरी मुली देवदासी झाल्या आणि त्या जटा कापायला कार्यकर्त्यांना आजही घरोघरी जाऊन समजावावं लागतं. तुम्ही न रागावता आईला दाखवलंत, की हे केस तुम्ही स्वतः निवडलेत, केसांचे छोटे छोटे भाग करून ते मुळाशी पिळलेत, नियमाने धुता. आई पुढे सरकून बघत राहिली.

शाळेतून निरोप आला, फोटोच्या दिवशी केस ‘नीट’ करून पाठवा, तेव्हा मी गप्प बसणार होते. तुम्ही कागद पुढे ओढलात. डिसेंबर २०१८ मध्ये याच न्यू जर्सीत एका शाळकरी कुस्तीगिराला पंचाने सांगितलं, लॉक्स काप नाहीतर सामना सोड. त्याचे केस सगळ्यांदेखत कापले गेले. बरोबर वर्षभराने राज्याने क्राउन कायदा केला. वेण्या, लॉक्स, ट्विस्ट, आफ्रो अशा केसांच्या ठेवणीवरून भेदभाव करता येत नाही, हे तुम्ही मला ओळ न् ओळ लिहायला लावलंत. शाळेने निरोप मागे घेतला. फोटोत लेकीच्या कॉर्नरोंना तुम्ही ओवलेले पिवळे मणी आहेत.

आई या उन्हाळ्यात येतेय. येताना तुमच्यासाठी घाण्याचं खोबरेल आणते म्हणाली. ते लॉक्सना चालतं का, हे तिला तुमच्याकडूनच ऐकायचंय. तेव्हा रविवारी आम्ही तिघी येतो.

तुमची,
लेकीची आई