मागच्या चाकात जागा किती

जळगाव, 12 मे

प्रिय सुहास,

राम राम भो. तुझी यामाहा व्हिरागो मोटरसायकल धड पोचली. इथं दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये पान्याला हात लावता येत नाही, म्हणून काम सकाळी लवकर नाहीतर दिवस कलल्यावर. ते असो. तू मागच्या चाकाला 170 चा, म्हणजे 170 मिलीमीटर रुंद टायर घ्यायला निघालायस ना, तो अजून घेऊ नकोस.

तुझ्या भावाच्या बुलेटला जाड टायर बसला, तो साखळीमुळे. स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचं दातेरी चाक, जरा बाहेर काढलं, बुश टाकले, काम झालं. तुझ्या गाडीत साखळी नाही; इंजिनापासून निघालेला शाफ्ट स्विंगआर्मच्याच, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्याच, एका नळीतून मागं येतो, तिथं फिरणं काटकोनात वळवणारा बेव्हल गिअरचा डबा, आणि चाकाचा हब थेट त्याच्या स्प्लाइनवर, म्हणजे खाचांवर, बसतो. त्या बाजूला जागा आहे तेवढीच. नळी घासून पातळ करू म्हणशील, तर आत शाफ्ट फिरतोय.

मूळ टायर 140/90-15. पहिला आकडा मिलीमीटरमधली रुंदी, दुसरा रुंदीच्या टक्क्यांत उंची, तिसरा रिमचे इंच. नळी आणि टायर यांच्यामध्ये माझी करंगळी कशीबशी जाते. 170/80-15 म्हणजे दोन्ही बाजूंना 15-15 मिलीमीटर वाढले. करंगळीची जागा तिथंच संपली. शिवाय वेगात टायर थोडा फुगतो, रिम रुंद घेतलीस तर आणखी पसरतो. आणि जुन्याच रिमवर 170 चढवलास तर भिंती आत ओढल्या जाऊन माथा गोल होतो. दिसायला दांडगा, पण वाढलेल्या रुंदीतला फार थोडा भाग रस्त्याला लागतो. दिसण्यासाठीच करायचं असेल तर तसं सांग, मग मी वाद घालणार नाही!

लेथवाल्या काकांनी तोड काढलीय. चाक स्पोकचं आहे, तेव्हा नवी रिम ओढून ब्रेकच्या बाजूला सरकवायची. होईल, चाकाचा आउट, म्हणजे डुलणं, तोही निघेल. पण मग मागचं चाक पुढच्याच्या रेषेत राहत नाही, सरळ रस्त्यावरही गाडी एका अंगाला ओढत राहते. त्यात ब्रेकच्या बाजूचा स्विंगआर्म कापून रुंद करायचा, एक्सल लांब बनवायचा, ड्रमची प्लेट फिरू न देणारा टॉर्क रॉड पुन्हा सरळ रेषेत आणायचा. काकांचं वेल्डिंग मी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर पाहिलंय, पक्कं असतं. पण ट्रॉली कन्नडच्या घाटात वळणावर झुकत नाही. स्विंगआर्म कापायला माझं मन होत नाही.

आणि कागदाचंही बघ. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 मुळे आरसीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही. अपघात झाला तर विमावाला आधी तो कापलेला स्विंगआर्मच बघेल.

माझं म्हणणं, 150/90-15 घे. बाजूला पाचच मिलीमीटर वाढतात, करंगळी नाही तरी पेन्सिल जाईल. व्यास 18 मिलीमीटरनं वाढतो, म्हणजे गिअरिंग तीनेक टक्के लांबेल, इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी तेवढी जास्त पुढं जाईल. धुळ्याच्या हायवेला बरंच, चढाला एखाद वेळी गिअर पाडावा लागेल. मडगार्डची जागा मात्र दोघं बसवून, शॉकअप पूर्ण दाबून बघणार. रिकाम्या गाडीवर सगळंच बसतं. तिथं घासायला लागलं तर 140 च परत, हे आत्ताच सांगून ठेवतो.

चाक निघालंच आहे तर स्प्लाइन धुऊन त्यावर मॉलीची (मॉलिब्डेनमची) पेस्ट लावतो. साधं ग्रीस तिथं टिकत नाही, आणि सुकी स्प्लाइन खाल्ली गेली की हबच बदलायची पाळी. डब्यातलं तेलही बदलतो, 80W-90, हायपॉइड गिअरचं, GL-5 लिहिलेलं. पुण्यात मिळालं तर टायर-ट्यूबबरोबर तेही घेऊन ये.

कधी येतोस ते कळव, तोवर चाक उघडंच ठेवतो. भरिताची वांगी या दिवसांत चांगली मिळत नाहीत, तेव्हा शेवभाजीवर भागव. आई तुझ्यासाठी कळण्याची भाकरी करणार आहे.

तुझा,
अनिल