लिस्टिंगचे पैसे भरण्याआधी एक वही घाला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

छोट्या दुकानदारांनी ऑनलाइन आलं पाहिजे, असा लेख मागे तुमच्या पेपरात वाचला. पटला पण अर्धाच, कारण ऑनलाइन यायचे पैसे किती आणि ते वसूल होतात का हे त्यात कुठेच नव्हतं. माझं नाशिकला सिडकोत सोफा रिपेअरिंगचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. मागच्या वर्षी एका ऑनलाइन डिरेक्टरीवाल्या कंपनीचा, म्हणजे पैसे घेऊन यादीत दुकानाचं नाव टाकायचं (त्यालाच लिस्टिंग म्हणतात) आणि गिऱ्हाइकांच्या चौकशा पाठवायच्या, अशा कंपनीचा पोरगा आला, टॅब उघडून बसला, काका तुमच्या एरियात महिन्याला इतके लोक सोफावाला शोधतात, ऑफर आजच संपतेय वगैरे. महिना २५०० आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २९५०. माझी उलाढाल तेवढी नसल्याने मी जीएसटीत नाही, त्यामुळे तो टॅक्सही खिशातूनच गेला, परत काही मिळत नाही.

बायको म्हणाली वहीत लिहून ठेवा, म्हणून ठेवलं. ४ महिन्यांत ६१ लीड, म्हणजे चौकशी करणाऱ्यांचे नंबर, आले. त्यातल्या १९ जणांनी फोनच उचलला नाही, १४ जण बाहेरगावचे, एक तर मालेगावहून, दोन खुर्च्यांची रेक्झिन बदलायला. बाकीच्यांपैकी बरेच जण नुसता रेट विचारून ठेवून देणारे. आणि खरी गंमत पुढे आहे, एका बाईंना मी लगेच फोन लावला तर त्या वैतागून म्हणाल्या, "अहो तुम्ही पाचवे, दहा मिनिटांत पाच सोफावाल्यांचे फोन आलेत, आता सगळ्यात कमी कोण घेतो तेवढं सांगा." म्हणजे एकच चौकशी कंपनीने पाच जणांना वाटलेली, आणि आम्ही पाचही जण पैसे भरून एकमेकांचा भाव पाडतोय!

शेवटी कामं झाली ४. बिलं मिळून ३८,५०० ची, आकडा बघून आधी बरं वाटलं, पण ४० डेन्सिटीचा फोम, कापड, कारागिराची मजुरी, टेम्पो सगळं वजा केल्यावर हातात राहिले ९,६०० आणि कंपनीला गेले ११,८००. पेट्रोल धरलंच नाही. बहुतेक जण इथेच फसतात, बिलाचा आकडा धरतात आणि म्हणतात वसूल झाले की.

आता खोटं कशाला बोलू, त्या चौघांपैकी इंदिरानगरच्या एका गिऱ्हाइकाने नंतर शेजारची दोन कामं दिली, ती धरली तर हिशोब जेमतेम जुळतो. आणि धंद्या-धंद्यातही फरक आहे. माझा मेहुणा गीझर आणि वॉशिंग मशीन रिपेअर करतो, त्याला परवडतं, कारण गीझर बंद पडला की माणूस शेजाऱ्याला विचारत बसत नाही, जो पहिला फोन उचलेल त्याला बोलावतो. सोफ्याचं तसं नाही, लोक दिवाळीच्या आधी दोन महिने विचार करतात, पाहुण्यांकडचा सोफा बघतात, हे कुणी करून दिलं विचारतात आणि मग येतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की पैसे भरायच्या आधी दोन-तीन महिने येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला "आमचा नंबर कुठून मिळाला" एवढं विचारा आणि लिहा. मी ते उशिरा केलं. गूगल मॅपवर नोंद फुकट होते, मुलीने दुकानाचा व्हिडिओ काढून व्हेरिफिकेशन करून दिलं, कामाचे आधीचे-नंतरचे फोटो टाकले, त्यावरून महिन्याला एक-दोन जण येतात, आणि आलेला माणूस फक्त मलाच फोन करून आलेला असतो.

आणि सही करताना दर महिन्याला खात्यातून आपोआप पैसे कापायचा मँडेट घेतात तो नीट वाचा. मी बंद करा म्हणून तीनदा फोन केला, हो हो म्हणाले, पाचव्या महिन्याचेही कापले. शेवटी बँकेत जाऊन अर्ज देऊन मँडेट रद्द केला तेव्हा थांबलं. ते २९५० अजून परत आलेले नाहीत, त्या पोराचा नंबर मात्र आता लागत नाही.

आपला,
एक सोफा कारागीर, सिडको, नाशिक