अण्णा मधोमध बसले

लातूर, 3 नोव्हेंबर

प्रिय सुधाकर,

काल रात्री सप्ताहाची कॅसेट लावली आणि अण्णा समोर येऊन बसले. इतकी वर्षं ती कॅसेट ऐकतोय, आवाज आपला स्पीकरच्या जाळीतून यायचा. काल स्पीकर कुठे आहेत तेच कळेना. अण्णांचा गळा दोन्हींच्या बरोबर मधे, भिंतीच्या जरा पुढे. मागे टाळकऱ्यांची अर्धगोल रांग, आणि त्या रांगेच्याही मागे सभामंडपाचा घुमारा. अभंग संपल्यावर अण्णा मान वळवून पखवाजावरच्या तात्यांना काहीतरी पुटपुटतात ना, तेव्हा आवाज खरंच डावीकडे वळला. घरात सांगितलं तर "हो का, छान" म्हणाले. म्हणून तुला लिहायला बसलो.

तब्येत ठीक. शुगर गोळ्यांवर आहे, डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता वाचता येतं.

स्पीकर आणल्यापासून टीव्हीच्या दोन्ही अंगांना शोकेसमध्ये कोंबलेले होते, तू पाहिलेच आहेस. आवाज दणदणीत, पण गाणारा कुठे बसलाय याचा पत्ता नाही. गणपती झाल्यावर ते बाहेर काढले आणि एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून स्टँड करून घेतले, 18 इंचांचे. तो म्हणत होता 24 इंची करा, सगळे तेच नेतात. 24 इंची खुर्चीवर बसणाऱ्याला. आपण ऐकणार गादीवर मांडी घालून. तिथे माझा कान जमिनीपासून 30 इंचांवर येतो, आणि ट्वीटर, म्हणजे वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर, कानाच्या पातळीला हवा. पोकळ पायपांत मांजरा नदीची वाळू भरली, तेव्हा स्टँडचं झणझणणं थांबलं.

हॉल 12 बाय 16. स्पीकर 12 फुटी भिंतीकडे ठेवले, पण भिंतीपासून चार फूट पुढे. भिंतीला चिकटवले की खर्ज फुगतो, आणि भिंतीवर आपटून आलेला आवाज मूळ आवाजाच्या पाठोपाठ कानात शिरतो, मग मागचापुढचा फरक सगळा सपाट होतो. दोन स्पीकरमध्ये साडेसहा फूट, आणि माझ्या गादीपासून प्रत्येकी तेवढंच, म्हणजे समभुज त्रिकोण. हिशेबाने गादी समोरच्या भिंतीपासून साडेनऊ फुटांवर आली. ते बरंच झालं. बरोबर आठ फुटांवर, खोलीच्या मध्यावर बसलं की सगळ्यात खालचा खर्ज गायब होतो, तिथे पखवाजाची धुम नुसती टिचकी वाटते.

अंतर मोजायला सुतळी घेतली, टेप झोळ खातो. एक टोक गादीवर कानाच्या जागी, दुसरं ट्वीटरला, आणि दोन्हीकडे अर्ध्या इंचाचाही फरक ठेवला नाही. एक स्पीकर फूटभर जवळ असला तर त्याचा आवाज 0.9 मिलिसेकंद आधी पोचतो आणि तेवढ्यावर अख्खं गाणं त्या बाजूला पळतं. तेव्हा आमच्या घरी बोलणं काय झालं असेल ते तुला ऐकू येईलच. "त्या पेट्या कामून सारख्या सरकवायलाव? घर हाय का बँडवाल्याचं दुकान?" वहिनीला सांग, ती एकटी नाही.

तरी आवाज उजवीकडे ओढ खात होता. वायरी तपासल्या, लाल-काळं कुठे उलटं नव्हतं. उलटं असतं तर मधला आवाज विरलाच असता आणि खर्जही पातळ झाला असता. कारण खोलीतच होतं: उजवीकडे खिडकीची मोठी काच, डावीकडे पॅसेजची मोकळी कमान. काचेवरून आवाज परत येत होता, कमानीतून निघून जात होता. ओमला आरसा धरून भिंतीकडेने चालायला लावलं. गादीवरून आरशात जिथे ट्वीटर दिसला, तिथूनच पहिलं परावर्तन येतं. ती जागा काचेवर निघाली. तिथे आईची वाकळ टांगली, जुन्या लुगड्यांची, सात-आठ पदरांची. पडदा आधी लावून पाहिला होता, त्याने नुसता वरचा चरचराट कमी होतो. वाकळीने अण्णा मधे आले.

शेवटी स्पीकरची तोंडं जराशी आत वळवली, इतकीच की दोघांची नजर माझ्या डोक्याच्या थोडी मागे जुळावी. आणि टेपच्या हेडशेजारचा तो बारका स्क्रू फिरवला. हेड तिरकं असेल तर दोन चॅनलचा मेळ सुटतो आणि मधला गळा पसरतो. हे तूच शिकवलंस, तात्यांच्या स्क्रूड्रायव्हरने. 1931 साली ब्लुमलाइनने स्टीरिओच्या पेटंटचा अर्ज केला, तेही तूच सप्ताहाच्या पंगतीत सगळ्यांना ऐकवलंस. बुंदी गार होईपर्यंत.

आता आपलं भांडण. तात्या अण्णांच्या कुठल्या बाजूला बसले होते? ऐकणाऱ्याच्या डावीकडे, हे मी तेव्हापासून सांगतोय. टेपमध्ये पखवाज डावीकडेच आहे. तू म्हणशील माइकची पिन उलट्या सॉकेटात गेली असेल, किंवा माझी कॉपी करताना उलटली असेल. म्हणून दुसऱ्या अभंगानंतर नीट कान दिला. औशाकडून मुक्कामी गाडी येते. ती आपल्या पाठीमागून डावीकडून यायची आणि उजवीला पारापाशी थांबायची. टेपमध्ये ती डावीकडूनच येते, गिअर पाडते, उजव्या कोपऱ्यात जाऊन बंद होते, आणि कंडक्टर दार आपटतो. चॅनल सरळ आहेत, गड्या. तात्या डावीकडेच होते.

पण हे सगळं फार तर फेब्रुवारीपर्यंत. थोरल्याचं लग्न ठरलं. हॉलमध्ये सोफा येणार, दिवाण येणार, आणि चार फूट पुढे उभे असलेले स्पीकर पाहुण्यांच्या पायात येणार, हे मलाही दिसतं. तो म्हणतो, वरच्या खोलीत न्या. वरची खोली 10 बाय 10, स्लॅबही दहा फुटांवर. लांबी, रुंदी, उंची तिन्हींचा घुमारा एकाच जागी, 56 हर्ट्झच्या आसपास, एकावर एक चढतो. पखवाजाचा एखादा बोल असा फुगेल की बाकीचे ऐकूच येणार नाहीत. खाली गुळगुळीत टाइल, चारी भिंती कोऱ्या. टाळी वाजवली तर मागेपुढे कितीदा तरी टणटणते.

मग मला झोप लागेना तेव्हा गावच्या घराची ढेलज, दारालगतची ती बैठकीची खोली, आठवली. 10 बाय 18. दगडमातीच्या जाड भिंती, त्यांत देवळ्या, वर तुळया आणि त्यांवर मातीचं माळवद. आवाज छताला लागून सरळ खाली येत नाही, तुळयांवर विखुरतो. परवा जाऊन टाळी वाजवून आलो. एकदाच वाजते आणि मुरते. तिथे वाकळ लागणार नाही, सुतळी तेवढी लागेल.

आणि तिथेच माझे पाय थबकतात. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3:56 ला भूकंप झाला तेव्हा आपण दोघं कुठे होतो आणि उजाडल्यावर किल्लारीच्या वाटेने गेलो तेव्हा काय उपसत होतो, ते तुला सांगायला नको. दर पावसाळ्याआधी माळवदावर मातीचा थर चढवायचा, वर्षानुवर्षं. त्या वजनाखाली आणि ढासळलेल्या दगडमातीच्या भिंतींखाली माणसं गेली. मला आजही माळवदाखाली गाढ झोप येत नाही. तिथे डोळे मिटून अण्णा ऐकणार कसे? धाकटा म्हणतो पाडून स्लॅब टाकू. पाडलं तर पुन्हा ती वरचीच खोली, फक्त गावात.

तू पुनर्वसनाच्या कामावर होतास, म्हणून विचारतो. वरची माती उतरवली, तुळया तशाच ठेवून फळ्या आणि पत्रा टाकला, खांबांना तिरके धिरे दिले, भिंतीत आरपार दगड बसवले, तर ती खोली बसण्याजोगी होईल का? हलक्या छतातून थोडा खर्ज बाहेर जाईल, तो जाऊ दे, घुमण्यापेक्षा बरा. पण तू नीट बघून हो म्हणालास तरच मी कामाला हात घालीन. माझं मन ठाम करणारं दुसरं कुणी नाही.

वहिनीचा गुडघा कसा आहे? पोरीच्या नोकरीचं कळलं, फार बरं वाटलं. सोयाबीनला यंदा काय भाव मिळाला ते लिही.

दिवाळीचे पाहुणे पांगले की ये. टोचा आण, तुळयांना कुठे वाळवी आहे ते बघू. आणि मूळ कॅसेट आण, माझी कॉपी फार खरखरते. कुरियरने पाठवू नकोस. गाडीत काचेजवळ ठेवू नकोस, उन्हाने कॅसेट वाकते. रुमालात गुंडाळून पिशवीत, तुझ्या मांडीवर.

तुझा,
विलास