रानपिंगळा दिसला, पण पुरावा नाही

ठाणे, १४ डिसेंबर

प्रिय सदानंद,

सप्रेम नमस्कार. आठ महिने तुला एक ओळही लिहिली नाही, याबद्दल शिव्या देणार असशील तर त्या पत्र वाचून झाल्यावर दे. माझा गुडघा दुखतो, बाकी प्रकृती ठीक आहे.

गेल्या रविवारी तानसाच्या जंगलात मला रानपिंगळा, तेच आपले दुर्मिळ छोटे घुबड, दिसला. हे वाक्य मी आतापर्यंत चार जणांना ऐकवले आणि चौघांनीही एकच प्रश्न विचारला: "काका, फोटो?" फोटो नाही. सकाळचे नऊ वाजले होते, दगडावर बसून मी डबा उघडला होता, तोंडात थालीपीठ होते आणि कॅमेरा पिशवीत तळाशी होता. समोर पान गळलेल्या सागाच्या फांदीवर, भर उन्हात, एक पिंगळा बसला होता. नेहमीचाच, ठिपक्यांचा असेल म्हणून मी दुर्बीण जवळजवळ नाइलाजाने उचलली. डोक्यावर ठिपके नव्हते. मानेमागे पांढरा पट्टा नव्हता. पोट खालच्या बाजूला स्वच्छ पांढरे, शेपटीवर रुंद पट्टे आणि पाय असे दणकट व पिसांनी भरलेले, की त्याने पांढरी विजार घातली आहे असे वाटावे. मग त्याने शेपटी एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे झटकली, आणि माझ्या हातातली दुर्बीण थरथरू लागली. सगळे मिळून अर्धा मिनिट झाले असेल. "सद्या, अरे बघ," असे म्हणत मी डावीकडे वळलो, तर डावीकडे ऐनाचे झाड होते.

चाळीस वर्षे पक्षी पाहतो आहे, पण छाती अशी धडधडल्याला फार दिवस झाले होते. घरी येईपर्यंत, आसनगावच्या लोकलमध्येसुद्धा, मी एकटाच हसत होतो. समोरच्या बाईंनी पर्स जवळ ओढून घेतली.

आनंद रात्रीपर्यंत टिकला. रात्री यादीची वही काढली आणि लेखणी उचलल्यावर मेळघाटचे ते पान आठवले. सेमाडोहच्या रस्त्यावर तुला एकट्याला दिसलेला रानपिंगळा मी वहीत घेतला होता आणि त्यावर लाल पेन्सिलीने 'अनिश्चित' असे लिहिले होते. तू विचारलेस तेव्हा चारचौघांत म्हणालो होतो की पिंगळा दारोदार भविष्य सांगतो, तसा हा सद्यालाच काहीतरी सांगून गेला असेल. तू दोन महिने बोलला नाहीस. मला तेव्हा वाटले होते की मी शास्त्राची बाजू घेतो आहे.

आता त्या शास्त्राचेच बघ. पक्षीतज्ज्ञ ह्यूमने १८७३ मध्ये हा पक्षी जगाला सांगितला, जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याची जेमतेम सात कातडी, आणि १८८४ मध्ये पक्षीसंग्राहक डेव्हिडसनने खानदेशात शेवटचे नमुने मिळवल्यानंतर पुढे ११३ वर्षे नुसता शुकशुकाट. मधल्या काळात इंग्रज पक्षीसंग्राहक माइनर्ट्‌झहागेनने मात्र १९१४ मध्ये गुजरातेतल्या मांडवीजवळ तो मिळाल्याची चिठ्ठी आपल्या नमुन्याला लावून ठेवली होती. तो नमुना डेव्हिडसनचाच चोरलेला निघाला. ते खोटे अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी उघडे पाडले, मांडवीचा नाद सोडला, खऱ्या नोंदींच्या जागा धरल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांच्या चमूला तो जिवंत दिसला. हे सगळे मी तुला पूर्वीही ऐकवले आहे, बहुधा तुझ्याविरुद्धच. माइनर्ट्‌झहागेनजवळ कातडे होते, चिठ्ठी होती, तारीखही होती. तुझ्याजवळ फक्त तुझे डोळे होते, आणि मी त्यांच्यावर लाल पेन्सिल फिरवली.

आता माझी गत तुझ्यासारखीच झाली आहे. तानसात तो २०१४ मध्ये सापडल्यापासून ती जागा ठाऊक आहे, म्हणजे अशक्य काहीच नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मीच मला छळतो आहे. डोक्यावर ठिपके खरेच नव्हते, की उन्हाने दिसले नाहीत? शेपटीची ती झटक मी पाहिली, की पुस्तकात वाचली होती म्हणून पाहिली? तुझे त्या वेळी असेच झाले होते का? मी हे कधी विचारलेच नाही. फोटो असता तर मला हा त्रास झाला नसता, आणि मी तुला पत्रही लिहिले नसते, हेही खरेच.

मंजूच्या साखरपुड्याचे कळले, मनापासून आनंद झाला. अकोल्याचे घर रंगवून झाले का? वहिनींना नमस्कार सांग.

माझी नोंद मी अजून वहीत घातलेली नाही. आधी तुझ्या नोंदीवरची लाल रेघ खोडणार आहे, पण त्याआधी एक गोष्ट कळव: माझ्या वहीत तारीख १४ जानेवारी आहे आणि तू त्या वेळी १५ म्हणून हट्ट धरला होतास. संक्रांतीचा तिळगूळ आपण सेमाडोहलाच खाल्ला होता, त्यामुळे १४ च बरोबर आहे.

तुझा,
वसंता