सही केलीस का?

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद. काल विनयच्या कर्जाला जामीन राहू नको म्हटलं, आणि मग फोन तू ठेवलास की कट झाला ते कळलं नाही, मी परत तीनदा लावला. म्हणून टाइप करतेय, ऑफिसात नको, घरी गेल्यावर वाच.

"आई, तू माणूस बघत नाहीस, पैसा बघतेस" म्हणालास, ते लागलं मला. विनयला मी ओळखत नाही का? दहावीचे सगळे पेपर इंदूरला रामबागेतल्या आपल्या घरी माझ्या हातचे पोहे खाऊन दिलेत त्याने. पोरगा सोन्यासारखा आहे. पण गॅरंटरची सही त्याच्या स्वभावावर थोडीच असते रे, ती त्याच्या नशिबावर असते. उद्या त्याची नोकरी गेली तर बँक सरळ तुझ्या दारात. 1872 चा कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्ट, कलम 128, करारात वेगळं काही नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. बाबांच्या वेळी ते कलम मी इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय. आणि सिबिलमध्ये, म्हणजे कर्जाच्या रेकॉर्डमध्ये, ते कर्ज तुझ्या नावावरही दिसतं.

केलीस का सही? हे विचारायचंच नाही असं ठरवून बसले होते.

बाबा काकांच्या कर्जाला जामीन राहिले तेव्हा तू अडीच वर्षांचा होतास. काका लबाड नव्हते, मिल बंद पडली, त्यांचा काय दोष? हप्ते चार वर्षं आपण भरले. पाटल्या घेऊन सराफ्यात गेलो, सराफाने काट्यावर ठेवल्या, मी आत, आणि बाबा बाहेर ओट्यावर पाठ करून बसलेले. रात्री दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांसमोर भुट्टे का कीस आणि गराडूचे ठेले लागतात, तुला आवडायचं म्हणून यायचे, पण त्या दुकानापुढे कधी थांबले नाहीत.

पाटल्यांचं जाऊ दे. काकांनी आपल्या गल्लीतून जाणंच सोडलं. ज्याचं देणं आहे त्याचं तोंड माणसाला बघवत नाही, मग हळूहळू तोच वाईट वाटायला लागतो. बाबांनी एकदाही पैसे मागितले नव्हते तरी. बाबा गेले तेव्हा पंचकुइयाच्या स्मशानात काका आले होते, गेटपाशी उभे राहिले आणि तसेच परत गेले. विनयचं आणि तुझं असं व्हायला नको.

राजवाड्यावरून जाताना माई सांगायच्या ते आठवतं? काशीविश्वनाथाचं देऊळ, घाट, धर्मशाळा, अहिल्यादेवींनी देशभर एवढं केलं ते खासगीतून, म्हणजे स्वतःच्या पैशातून, दौलतीच्या, म्हणजे राज्याच्या खजिन्याला हात न लावता. बाईंना कुठल्या थैलीतून देतोय याचं भान होतं. तुझ्या पगारातलं तुझ्या हातात उरतं ती तुझी खासगी, त्यातून खुशाल दे. अनघाचं आणि सईच्या शाळेचं आहे ती दौलत, आणि सही केली की ती दौलतीवर पडते.

झालं बघ लेक्चर, सॉरी. मित्रासाठी जीव टाकतोस, बाबांवर गेलायस, मला फार अभिमान वाटतो रे, आणि त्याचीच भीतीही वाटते.

माझी साठ हजारांची एफडी पुढच्या महिन्यात सुटतेय. ती विनयला दे. उधार म्हणून नको, दिले म्हणून दे, आणि परत विषय काढू नकोस. आणि सही करून बसला असशील तरी लपवू नकोस, रात्री फोन कर, मी जागीच आहे.

तुझी आई